मच्छिंद्रची पांढरी

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर एका स्वीट होमच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. खालून जिलबीचा वास, वर कीबोर्डचा खडखडाट, असा आमचा संसार. दोन हजार सालाच्या आसपास गल्लोगल्ली असे क्लास निघाले होते आणि प्रत्येकाच्या बोर्डावर नोकरीची हमी रंगवलेली असायची. मी ती रंगवली नाही. अब्बांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण 'आता पुन्हा बिघडणार नाही' असं गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही; तोच स्वभाव माझ्यात उतरला असावा. त्यामुळे माझ्याकडे गर्दी बेताचीच होती.

त्या क्लासात मच्छिंद्र शिकवायला आला. रांजणगावच्या एका कारखान्यात तो मशिनचे प्रोग्रॅम लिहायचा आणि सकाळपाळी सुटली की दुपारची बॅच घ्यायला माझ्याकडे यायचा. उंच, काटकुळा, शर्ट कायम खोचलेला. फळ्यावरचं अक्षर असं, की पुसायला हात धजू नये. बोलायला मात्र महाकंजूष. पहिल्या दिवशी "जय भीम, अनिसभाई" एवढंच म्हणाला आणि सरळ टेबलामागे वाकून वायरी बघायला लागला. मला माणूस आवडला. तोंडानं मी तसं म्हटलं नाही, कारण मास्तर लोकांना लगेच चढतं.

त्याचं गाव घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे. नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची गावं सुटल्यासारखी होतील. गाव टेकाडावर, खाली ओढा, आणि ओढ्यापलीकडे बौद्धवाडा. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, एसटीचा थांबा सगळं अलीकडे आणि मच्छिंद्रचं घर पलीकडे. ओढ्याला पाणी आलं की शाळेला सुट्टी मिळायची ती फक्त पलीकडच्या पोरांना. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही हसत. मला हसू आलं नाही.

वडील लवकर गेले. आई विठाबाई हिनं मजुरी करून याला डिप्लोमापर्यंत नेलं. नोकरी पक्की झाल्यावर मच्छिंद्रनं शिरूरच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. खिडकीतून वारा येतो, नळाला पाणी येतं, शेजारी कोण कुठला ते कुणी विचारत नाही. आईला म्हणाला, चल. आई म्हणाली, न्हाई. दर दिवाळीला, दर भीमजयंतीला तो विचारायचा, आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन परत यायचा.

"घाबरती ती, अनिसभाई," तो एकदा चहा पिताना म्हणाला. "जल्मभर जिथं बस म्हनले तिथं बसली. आता कुनी बस म्हनत न्हाई, तरी उठत न्हाई. मला त्येच बघवत न्हाई."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दुसरा चहा मागवला. दुसरं काय करणार?

त्या सुमारास त्यानं तो गेम करायला घेतला. माझा स्वभाव टेहळणीचा; बॅच संपल्यावर हा स्क्रीनला नाक लावून काय करतो म्हणून मी मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर नुसती हिरवी जमीन, एक निळी नदी आणि मधे एक तपकिरी चौकोन.

"हे काय?"

"गेम हाय."

"करायचं काय यात?"

"बांधायचं. माती हाय, दगड हाय, लाकूड, पत्रा, पाचट. जे पायजे ते घ्यायचं आन् जिथं पायजे तिथं बांधायचं."

"आणि मग?"

"मंग ऱ्हायचं."

"जिंकायचं कसं?"

"जिंकायचं न्हाईच. ऱ्हायचं."

मी पोट धरून हसलो. पोरं तेव्हा क्लासात लपूनछपून गाड्या पळवायचे आणि बंदुका मारायचे गेम टाकायची. मी ते शोधून शोधून उडवायचो. आणि हा शहाणा पोरांना भिंती लिंपायला बसवणार होता! पण तो काही माझं हसू मोजत बसला नाही. गेमचं नाव त्यानं आधीच ठरवलं होतं : पांढरी. पिकाच्या जमिनीला आमच्याकडे काळी म्हणतात आणि गाव बसतं त्या जमिनीला पांढरी. विठाबाई परकरी पोर असताना इनामगावच्या पुरातन वस्तीच्या उत्खननावर मजुरीला होती. खाली घर, त्यावर घर, त्यावर आणखी एक घर अशी पांढरी तिनं खुरप्यानं खरवडलेली. मच्छिंद्र लहानपणी तेच ऐकत झोपायचा. दुसऱ्याची आई राजा-राणी सांगते, याची आई चुलवणं आणि कणग्या सांगायची.

आता एकट्या माणसानं गेम करायचा म्हणजे काय, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून सांगतो. आधी त्यानं तो आम्ही क्लासात शिकवायचो त्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिला. एक भिंत ठेवली की सगळी जमीन पुन्हा रंगवली जायची आणि तेवढ्यात माणूस खाली जाऊन जिलबी खाऊन यायचा. मग पुण्याला अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यानं सी प्लस प्लसचं जुनं पुस्तक आणलं, आणि लिहिलेलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरू केलं. चित्रं काढायला दुसरा कोण होता? पेंटमध्ये एकेक ठिपका ठेवून यानंच मातीची भिंत काढली, तिला पडलेली चीर काढली, पाचटाचं छप्पर काढलं. एक गाय काढायला त्याला इतका वेळ लागला, की माझी एक बॅच परीक्षा देऊन पास होऊन गेली.

आणि चुका तरी किती! गाई भिंतीतून आरपार जायच्या. कोंबड्या छपरावर चढून खाली यायला विसरायच्या. एकदा नदीचं पाणी उतारानं खाली जायचं सोडून टेकाड चढायला लागलं, तेव्हा सगळ्या बॅचनं टाळ्या वाजवल्या. कुठंतरी अधिकच्या जागी उणे पडलं होतं म्हणे. मच्छिंद्र मात्र वैतागायचा नाही. कपाळाला हात लावून बसायचा आणि थोड्या वेळानं स्वतःशीच "हां" म्हणायचा. त्या "हां"साठी मी काम टाकून कान देऊन बसायचो, हे त्याला आजही माहीत नसेल.

भारनियमनाचे दिवस होते. वीज सांगून जायची आणि न सांगताही जायची. शहरातल्या गेममध्ये काम जपून ठेवायला बटण असतं. पांढरीत ते नव्हतंच, कारण आमच्याकडे बटण दाबायला सवड मिळेलच असं नसायचं. एक वीट ठेवली की ती लगेच जपली जायची. वीज आली की जिथं हात थांबला तिथून पुढे. पुढं क्लासातले सगळे कॉम्प्युटर त्यानं वायरींनी एकमेकांना जोडले, म्हणजे सगळ्यांना एकच जमीन दिसायची आणि एकानं बांधलेली भिंत दुसऱ्याच्या स्क्रीनवर उभी राहायची. हे मात्र पाहून मी हसलो नाही. गार पडलो.

सीडी घेऊन तो पुण्याच्या एका कंपनीत दाखवायला गेला. संध्याकाळच्या एसटीनं परत आला आणि बाकावर बसून राहिला.

"काय म्हणाले?"

"चांगला हाय म्हनले. पर शत्रू कुठंयत म्हनले."

"मग टाक की दोन-चार शत्रू. तुझं काय जातं?"

"ऱ्हायला आलेल्या मान्सांत शत्रू कुठनं आनू, अनिसभाई?"

"त्याची तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "माणसं आली की ते पाठोपाठ येतात."

मी गमतीनं म्हणालो होतो. पण पुढच्याच रविवारी ते बघायची पाळी आली.

त्या रविवारी त्यानं सगळ्या बॅचला पांढरी खेळायला बोलावलं. पोरांना फुकट कॉम्प्युटर म्हटल्यावर काय, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. मांडवगण फराट्याहून एसटीनं येणारी गौतमी नावाची मुलगी होती, आमच्या क्लासातली सगळ्यात तल्लख. मच्छिंद्रला तिचं कौतुक. दोघांचे बौद्धवाडे वेगळ्या गावांचे, पण दोघं एकाच घडणीचे. तिला त्यानं खिडकीजवळचा चांगला कॉम्प्युटर दिला. मीही एक अडवला. मोकळी जमीन, नदी, मधून एक ओढा. कुणी कुठंही बांधा, एवढंच तो म्हणाला.

काय धुमाकूळ चालला म्हणून सांगू! कुणी तालीम बांधली, कुणी दुधाची डेअरी. एकानं देऊळ उभं केलं आणि कळस लावायला जागा मिळेना म्हणून भांडला. मी आधी मशीद बांधली, तिला लागून चहाची टपरी, आणि टपरीला लागून आमची आळी. दुपार कलली तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, आता हात थांबवा, सगळी जमीन एकदम बघू. त्यानं स्क्रीनवरचं चित्र लांब नेलं.

गाव झालं होतं. अगदी हुबेहूब. मधे देऊळ, देवळासमोर मोठी घरं, मग लहान घरं, एका टोकाला माझी मशीद आणि आळी. आणि ओढ्याच्या पलीकडे, सगळ्यांपासून दूर, एकुलतं एक नीटनेटकं घर. दाराशी झाड लावलेलं.

"ते कुनाचं?" मच्छिंद्रनं विचारलं.

"माझं, सर," गौतमी म्हणाली.

"तिकडं का बांधलंस?"

"कुठं, सर?"

"वढ्याच्या पल्याड."

तिनं स्क्रीनकडे बघितलं. खरंच सांगतो, तिनं ते तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. चेहरा उतरला पोरीचा. "ठावं न्हाई, सर," ती म्हणाली. "हात तिकडंच गेला."

"आम्ही काय बोललो न्हाई हां सर तिला," देवळावाला घाईघाईनं म्हणाला. आणि ते खरं होतं. कुणीच काही बोललं नव्हतं. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला, पोरांचा आला, माझ्या त्या आळीचाही आला. मच्छिंद्रनं मात्र आवाज चढवला नाही. त्यानं एकेक कॉम्प्युटर बंद केला, पडदे लावले आणि गौतमीला एसटीपर्यंत सोडायला गेला.

नंतर तो इरेला पेटला. पहिल्यांदा त्यानं नियम घातला, की नवं घर दुसऱ्या घराला लागूनच झालं पाहिजे. मी म्हणालो, "बळजबरीनं शेजार लावतोस? हा गेम आहे की तहसील कचेरी?" त्यानं नियम काढला. मग ओढाच बुजवला. पोरांनी रस्ता काढला आणि त्या रस्त्याच्या पलीकडे तेच केलं, तेव्हा ओढा पुन्हा सोडला. मग प्रत्येकाला जमिनीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यात सोडून पाहिलं. पोरं चालत चालत एकमेकांना शोधून एकत्र आली आणि पुन्हा तेच गाव. कारखान्यातून आलेला माणूस दमलेला, त्यात हे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हणालो, "सोड रे बाबा. हे तू केलेलं नाहीस, तू कशाला निस्तरतोस?"

तर म्हणाला, "आईला बसवायचीय खेळायला. आन् तिचा बी हात तिकडंच गेला तर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की एवढे सगळे दिवस गेम कुणासाठी चालला होता.

एका दुपारी वीज नव्हती आणि आम्ही खालून आणलेली जिलबी खात होतो. मच्छिंद्रनं जिलबीखालचा वर्तमानपत्राचा कागद उचलला आणि त्याची नळी केली. उजवी कड डाव्या कडेला टेकली. नळीकडे बघत बसला तो. मग म्हणाला, "हां."

"काय हां?"

"हितनं पल्याड गेलं, की हितनं अल्याड यायचं. खालनं गेलं की वरनं. जमिनीला कडच ठिवायची न्हाई, अनिसभाई. कड न्हाई, तर कडंला कोन ऱ्हाईल?"

त्याची बोटं पाकानं चिकट झाली होती आणि चेहरा असा फुलला होता, की मला काही बोलवेना. एरवी मी बोललो असतो, की बाबा रे, माणसं कड कुठूनही काढतात.

जमिनीची कड काढल्यावर गेमचा पार बोऱ्या वाजला. उजवीकडून गेलेल्या गाई डावीकडून यायच्याच नाहीत. कुठं जायच्या देव जाणे. नदी फिरून स्वतःलाच येऊन मिळाली, पाणी वाढत वाढत गेलं आणि सगळी पांढरी बुडाली. ते निस्तरता निस्तरता त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी नदीला त्यानं मधे एक मोठं तळं दिलं आणि जास्तीचं पाणी तिथं मुरवलं. गाईही एकेक करून परत आल्या. पोरांना पुन्हा खेळायला बसवलं तेव्हा ती सुरुवातीला गोंधळली, मग त्यांना मजा वाटायला लागली. गौतमीनं या वेळी तळ्याकाठी घर बांधलं, आणि देवळावाल्यानं तिच्या घराजवळ आपली डेअरी टाकली. दूध विकायला चौक लागतो, म्हणाला. मच्छिंद्र त्या दिवशी खुशीत होता.

पण त्या गावात विहिरीजवळ, शाळेसमोर, एक मोक्याची जागा कायम रिकामी राहायची. तिथं कुणी वीट ठेवायला गेलं की ठेवली जायची नाही. पोरांनी विचारलं तर मच्छिंद्र म्हणाला, चूक हाय प्रोग्रॅममधी, काढायचीय. मी काही कालचं पोर नव्हतो.

"कुलूप लावलंयस तिथं," मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो. "आईसाठी ना?"

तो लाजला. "ती येईल तवा कुलूप काढीन. निवडू दे तिची तिला. तिनं ती जागा घेतली ना, मंग मला कळंल, का तिच्या मनातली भीती गेलीय. मंग शिरूरला बी येईल ती."

"आणि नाही घेतली तर?"

तो फळा पुसायला लागला.

"अरे, आईची परीक्षा घेतोस?" माझा आवाज जरा चढलाच.

विठाबाई आली ती बाजाराच्या दिवशी. ठेंगणी, काळी, लुगड्याचा काष्टा घट्ट, दातांना मिश्री. हातात माझ्यासाठी हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी. क्लासाच्या दाराशी मी म्हणालो, "मावशी, चपला तेवढ्या बाहेर."

"का? आत देव हाय व्हय?"

"देव नाही, कॉम्प्युटर आहे. धूळ चालत नाही त्याला."

"मंग लईच नाजूक हाय तुमचा देव," ती म्हणाली आणि चपला काढून आत आली. गौतमीनं खुर्ची दिली. खुर्चीत ती मांडी घालून बसली. मच्छिंद्रनं माऊस कसा धरायचा ते दाखवलं, गौतमी हात धरायला गेली तर म्हणाली, "धरू नगं पोरी, माझी मी करते. खुरपं धरलंय, ह्ये काय अवघाड हाय?" अवघडच होतं. बाण कधी नदीत, कधी पार कोपऱ्यात. पण बाई हटली नाही. शिव्या हासडत हासडत तिनं बाणाला वळण लावलं.

जमीन बघून तिला बरं वाटलं. "ही पांढरी बरी काढलीस रं," म्हणाली. "अशीच भुसभुशीत असती."

मच्छिंद्र तिच्या खुर्चीमागे उभा होता. पोरांच्या गावातून ती फिरली. देऊळ पाहिलं, माझी मशीद पाहिली, टपरीवर कुणीच कसं नाही म्हणून मला टोमणा मारला. मग विहिरीजवळच्या त्या रिकाम्या जागेवर येऊन थांबली.

"ही जागा कुनाची?"

"कुनाचीच न्हाई. मोकळी हाय, आई."

"इतक्या मोक्याची जागा, आन् मोकळी ऱ्हायली?" तिनं मान वळवून लेकाकडे बघितलं. तो खिडकीकडे बघायला लागला. मला वाटलं, तिला सगळं तिथंच कळलं.

ती तिथून पुढे निघाली. ओढ्यापर्यंत आली. ओढा ओलांडला. पलीकडे नुसता माळ होता. तिथं तिनं मातीची पहिली भिंत ठेवली.

गौतमीनं ओठ चावला. मच्छिंद्रचा चेहरा मला बघवला नाही. "आई," तो म्हणाला, "हितं कुनी अडवत न्हाई गं तुला. कुठं बी बांध की."

"मला ठावं हाय. म्हून तर बांधतीय." दुसरी भिंत, तिसरी भिंत. दाराची जागा सोडली. पाचट शोधायला वेळ लागला, पण तिनं कुणाला विचारलं नाही. घर झालं. मग घराच्या मागच्या बाजूनं ती फिरायला निघाली, माळामाळानं, गावाकडे पाठ करून. बराच वेळ हिरवा माळ जात राहिला. आणि मग समोर भिंत आली. डेअरीची.

"हे काय? ह्या अंगाला बी गावच?"

"जिमीन गोल हाय, मावशी," गौतमी म्हणाली. "सरांनी केलीय तशी."

विठाबाई परत फिरली, पुन्हा आपल्या घराशी आली. पुढून जाऊन पाहिलं, मागून जाऊन पाहिलं. मग हसायला लागली. मिश्रीचे काळे दात दाखवत, खुर्ची हलेपर्यंत हसली.

"म्होरनं गेलं तरी गाव, मागनं गेलं तरी गाव," ती म्हणाली. "मंग माझंच घर मधी हाय की रं! येडा का खुळा तू? मला हितनं उठवाया निघालास?"

मच्छिंद्र खुर्चीची पाठ धरून उभा होता.

"तुला वाटतं, म्या भिऊन बसलीय." हसू ओसरलं होतं तिचं, पण ती चिडलेली नव्हती. "भ्याले असते तर तुझा बाप गेल्यावर गेले नसते का भावाकडं? तवा समद्यांनी सांगितलं, जा. न्हाई गेले. त्या वाड्यात म्या भिंत बांधलीय माझ्या हातानं, ह्यो असा माऊस धरून न्हाई. तुला वढ्यातनं खांद्यावर घिऊन शाळंला घातलंय. ती जागा मला कुनी दिली न्हाई, मच्छिंद्र. ती माझी हाय. मला लाज न्हाई तिची. तुला हाय."

मी मनात म्हटलं, आता हा उठून जाईल. चांगल्या माणसाला असं तोंडावर कुणी बोलू नये, आई असली तरी. मला त्याची फार कीव आली.

तो उठून गेला नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला. त्याचा छोटा माणूस विहिरीजवळच्या जागेवर उभा होता. तिथून तो निघाला, ओढ्याशी आला, ओढा ओलांडून त्या मातीच्या घरासमोर येऊन थांबला. मच्छिंद्रनं माऊसवरून हात काढला.

"आई," तो म्हणाला, "तुझ्या शेजारी बांधू का?"

विठाबाईनं स्क्रीनवरची नजर हलवली नाही. पदरानं नाक पुसलं.

"किती वर्सं लावलीस रं इचाराया," ती म्हणाली.